विजेची शिदोरी

सहलीस निघताना आई शिदोरी बांधून देते. माणसे किती, जेवणे किती, वाटेत काही मिळेल की नाही, याचा हिशेब ती मनाशी करते आणि मगच भाकरी थापते. आजच्या सहलीत आणखी एक शिदोरी न्यावी लागते, ती विजेची. तिचा हिशेब मात्र फार थोडे जण करतात. एकदा मीही केला नव्हता.

२०१६ च्या ऑक्टोबरात बारा विद्यार्थ्यांसह आम्ही दोघे शिक्षक हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. पाचनईच्या वाटेने चढून मंदिराजवळच्या गुहेत मुक्काम केला. फोन सर्वांजवळ होते. शिवाय तीन पॉवर बँका होत्या. संध्याकाळी कोकणकड्यावर छायाचित्रे निघाली, रात्री गाणी वाजली. दहाच्या सुमारास एका मुलास विंचू चावला. त्याला तत्काळ खाली न्यावयाचे होते. पाहतो तो फोन एकामागून एक मालवलेले आणि पॉवर बँकाही रित्या! बाहेर मिट्ट काळोख.

इतक्यात एका अबोल मुलाने पिशवीतून जुनी विजेरी काढली. कळ चुकून दाबली जाऊन सेल संपू नयेत, म्हणून त्याने एक सेल उलटा घालून ठेवला होता. तो सुलटा करताच लख्ख उजेड पडला. इतर मुलांना सहशिक्षकांबरोबर शेकोटीपाशी ठेवले. दोन दणकट विद्यार्थी त्या मुलास आळीपाळीने पाठुंगळीस घेत आणि मी उजेड दाखवीत, असे आम्ही पाचनईस उतरलो. तेथून जीपने त्यास दवाखान्यात नेले. मुलगा बरा झाला. चूक मुलांची नव्हती. हिशेब न करणाऱ्या माझी होती.

तो हिशेब असा. पॉवर बँकेवर १०,००० मिलिअँपिअर-तास, म्हणजेच १० अँपिअर-तास, असे लिहिलेले असते. आतील सेलचा विद्युतदाब बहुधा ३.७ व्होल्ट असतो. १० ला ३.७ ने गुणले की ३७ वॉट-तास ही साठवण कळते. परंतु फोनला वीज देताना हा दाब ५ व्होल्टपर्यंत वाढवावा लागतो. त्यात आणि फोन भरताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून ५,००० मिलिअँपिअर-तासांचा फोन दोनदा नव्हे, सुमारे दीड वेळाच भरतो.

डोंगरात फोन सतत मनोऱ्याचा शोध घेत राहतो व त्यातच वीज खर्चतो. गरज नसताना तो बंद ठेवावा. थंडीत बॅटरी लवकर दमते. रात्री ती कपड्यांत गुंडाळून ठेवावी. पाऊस आणि कडक ऊन या दोहोंपासून तिला जपावे. फुगलेली बॅटरी कधीही वापरू नये. सौरपत्रा अनेक दिवसांच्या मुक्कामास उपयोगी. पण झाडीतून चालताना पाठीवर टांगला तर तो फारसे काही देत नाही. संपलेले सेल गडावर न टाकता परत आणावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक पॉवर बँक व एक विजेरी संकटासाठी राखून ठेवावी. मौजेसाठी त्यांना हात लावू नये. शिदोरीतील शेवटची भाकरी शहाणा वाटसरू घर दिसेपर्यंत मोडत नाही.

स्वाध्याय
१. अबोल मुलाने सेल उलटा का घातला होता?
२. २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेतील साठवण वॉट-तासांत काढा.
३. 'चूक माझी होती' असे लेखक का म्हणतो? तुमचे मत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : मिट्ट काळोख, पाठुंगळीस घेणे, राखून ठेवणे.