मासा कोणाला म्हणावे?

बाजारात मासळीच्या पाटीत बांगडे असतात, कोळंबी असते, खेकडेही असतात. आपण सगळ्यांना मासळीच म्हणतो. पण हे सगळे मासे आहेत काय? चला, पाहू या.

तुमच्या पाठीवरून हात फिरवा. मणके लागले ना? हा पाठीचा कणा. जन्माआधी तिथे एक लवचीक दोरीसारखा दांडा असतो. पुढे त्याच्या जागी कणा तयार होतो. जन्माआधी तरी असा दांडा ज्यांना असतो, त्यांना समपृष्ठरज्जू प्राणी म्हणतात. नाव अवघड आहे, पण खूण सोपी आहे.

मासे, बेडूक, साप, पाखरे, गाई-म्हशी आणि आपण माणसे, सारे याच कुळातले. कोळंबीला कणा नाही. खेकड्याला नाही, तिसऱ्यांनाही नाही. म्हणून ते मासे नव्हेत.

मग मासा कसा ओळखावा? त्याला कणा असतो. पोहायला पर असतात. पाण्यातली हवा घ्यायला कल्ले असतात. कल्ल्यांत रक्त खेळते. म्हणून तर बाया कल्ला उघडून बघतात. कल्ला लालभडक असला की मासा ताजा.

आता देवमासा घ्या. तो समुद्रात राहतो. पण त्याला कल्ले नाहीत. श्वास घ्यायला तो पाण्यावर येतो आणि पिल्लाला दूध पाजतो. म्हणून नावात मासा असला, तरी तो मासा नव्हे!

माशांचे मुख्य प्रकार दोन.

पहिला हाडांचा. बांगडा, पापलेट, सुरमई, रोहू हे या प्रकारातले. त्यांच्या कल्ल्यांवर झाकण असते.

दुसरा कूर्चेचा. मुशी आणि पाकट या प्रकारात येतात. कूर्चा म्हणजे काय? कानाचा वरचा भाग चिमटीत धरा. वाकतो, पण मोडत नाही. ती कूर्चा. मुशीचा सांगाडा तसल्या कूर्चेचा असतो. तिच्या कल्ल्यांवर झाकण नसते. बाजूला फटी दिसतात. तिच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवा. कानशीसारखे खरखरीत लागते.

हा फरक कशाला शिकायचा? पोटापाण्यासाठी! रोहूची मादी लाखांनी अंडी घालते. त्यांतली पुष्कळ मरतात, तरी काही उरतात. पाकट तशी नाही. ती थोडीच पिल्ले देते. पुष्कळ जातींच्या मुशीही थोडीच पिल्ले देतात आणि उशिरा वयात येतात. त्यांची लहान पिल्ले जाळ्यात धरत राहिलो, तर त्यांची संख्या लवकर भरून येत नाही. आज पाटी भरेल, पण उद्या पोरांच्या पाटीत काय पडेल?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. या दिवसांत पुष्कळ मासे अंडी घालतात. दोन महिने जाळे आवरले, की पुढे मासळी वाढायला वाव मिळतो.

मुशीच्या कुळात एक फार मोठा मासा आहे. त्याला व्हेल शार्क म्हणतात. अंगावर पांढरे ठिपके असतात. तो चाळीस फुटांपर्यंत वाढतो, पण खातो मात्र बारीकसारीक जीव. माणसाला तो खात नाही. त्याला कल्ले आहेत, म्हणून तो खरा मासा. गुजरातच्या वेरावळकडे त्याची फार शिकार होई. २००१ साली कायद्याने ती बंद झाली. पुढे तिथल्या मच्छीमारांनी स्वतःची महागाची जाळी कापून असे शेकडो मासे सोडून दिले. जाळे पुन्हा विणता येते. संपलेली जात पुन्हा आणता येत नाही.

उत्तरे सांगा :
१. कोळंबी मासा का नव्हे?
२. देवमासा आणि व्हेल शार्क यांत फरक काय?
३. मुशीची लहान पिल्ले का धरू नयेत?