जुन्या छापचित्राचा सांभाळ

चित्राकडे नंतर बघ, बाळा, आधी चित्राखालचं वाच. आयर्लंडमधल्या एका मध्ययुगीन चर्चचा मनोरा तू घेतलास, पण तो कुठला आणि चित्र कधीचं, हे सांगणारी ओळ समासात असते. डावीकडे चित्र काढणाऱ्याचं नाव, उजवीकडे ते तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्याचं, मधे बहुधा प्रकाशक आणि तारीख. ब्रिटनमध्ये १७३५ साली कोरीव चित्रांच्या हक्काचा कायदा झाला. हक्क हवा तर नाव आणि तारीख पत्र्यावर घालावी लागे. म्हणून फ्रेमवाल्याला समास कापू देऊ नकोस. तयार फ्रेमीत बसत नाही म्हणाला, तर मोठी फ्रेम करून घे.

पत्र्याच्या कडेची दाबलेली खूण कागदावर बोटाला लागते. ती असेल आणि भिंगाखाली सलग रेघा दिसल्या, तर चित्र कोरीव असण्याची शक्यता मोठी. सगळीकडे सारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची छपाई समज आणि किंमत तशीच दे. रंग बघून भुलू नकोस, पुष्कळदा ते मागाहून भरलेले असतात.

अशी पानं मोठ्या ग्रंथांतून सुटी करून विकली जातात. फ्रान्सिस ग्रोस यांचे आयर्लंडच्या पुरातन वास्तूंवरचे दोन खंड १७९१ ते १७९५ या काळात निघाले. ग्रोस १७९१ मध्येच डब्लिनला वारले, काम एडवर्ड लेडविच यांनी पुरं केलं. विकणाऱ्याला विचार, पान कोणत्या ग्रंथातलं, सोबतचा मजकूर आहे का. मिळालं ते उत्तर मऊ पेन्सिलीनं पानामागे लिही. शाईचं पेन तिथे टेकवू नकोस.

आता पावसाळा. आपल्या बोरिवलीत जून ते सप्टेंबर कागदाचा जीव धोक्यात असतो. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर पाऊस झोडपतो, ओल आतपर्यंत येते. तिथे चित्र लावूच नकोस. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. आतली कोरडी भिंत घे आणि फ्रेमीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे मागे वारा खेळतो. काच कागदाला टेकता कामा नये. टेकली की ओलीनं कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई उचलून येते. मधे आम्लमुक्त माउंट हवाच. साधा पुठ्ठा काही वर्षांत कागद पिवळा करतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते केलं की चित्र गेलंच समज. फाटलं तरी सेलोटेप लावू नकोस. जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरतात, पण तेही जाणत्याच्या हातून. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचं केंद्र आहे, तिथे विचार. दसऱ्याच्या साफसफाईत फ्रेम उतरवून पाठ बघ: तांबूस ठिपके, बुरशी, कसर. कागद उन्हात वाळवू नकोस, पंख्याखाली सावलीत ठेव.

आणि चित्र पुरावा म्हणून वाचताना सावध राहा. कोरणारा बहुतेकदा जागेवर गेलेलाच नसे. झाडं, गुरं, ढग त्याच्या मनातले असू शकतात. खिडक्या आणि मजले अधिक विश्वासाचे.

आपल्याकडचीही अशी चित्रं बघ. हेन्री सॉल्ट यांचा साष्टीतल्या लेण्यांवरचा सचित्र लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या खंडात १८१९ साली छापला गेला. आपलं मंडपेश्वर लेणं आहे, त्याच्यावरच पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या भिंती पडक्या उभ्या आहेत. अंधेरीच्या सीप्झमध्ये १५७९ सालचं सेंट जॉन चर्च छपराविना उभं आहे. १८४० च्या सुमारास साथ आली आणि तिथली वस्ती मरोळकडे सरकली. आयरिश मनोऱ्याला कुणीतरी तांब्यावर उतरवलं, म्हणून तो आज तुझ्या हातात आहे. मंडपेश्वरला येत्या रविवारी जा, चारही बाजूंनी फोटो काढ, चांगल्या कागदावर छापून घे आणि मागे जागा, तारीख आणि तुझं नाव लिहून ठेव.