यंत्र, श्रम आणि सुरक्षितता : बोरघाटापासून आजपर्यंत

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला जादा इंजिने जोडली जातात. सुट्टीत गावी जाताना आणि सुट्टी संपवून परत येताना आपल्या वसतिगृहातील कितीतरी विद्यार्थ्यांनी हे दृश्य पाहिले असेल. या जोडणीसाठी लागणाऱ्या काही मिनिटांत यंत्रयुगाचा एक मोठा धडा दडलेला आहे. एकट्या इंजिनाच्या बळावर घाट चढता येत नाही आणि केवळ वेगाच्या बळावर तो उतरता येत नाही.

आज आपले माजी विद्यार्थी खोपोली, तळोजा व नवी मुंबई येथील कारखान्यांत, गोदामांत, रुग्णालयांत आणि संगणकाच्या कार्यालयांत काम करीत आहेत. स्वयंचलित यंत्रे, कॅमेरे, संवेदक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी त्यांच्या कामाचे स्वरूप पालटून टाकले आहे. हे सारे चांगले की वाईट, असा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. परंतु तो प्रश्न अपुरा आहे. नव्या तंत्राला तीन प्रश्न विचारावयास हवेत. त्यातील धोका कोणाच्या वाट्याला येतो? त्याने मिळणारा वेळ कोणाचा होतो? आणि यंत्रापाशी उभे राहण्याची व गरज पडल्यास ते थांबविण्याची मुभा कोणाला असते? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. आपल्या डोंगराच्या पायथ्यापासूनच आरंभ करता येतो.

१. घाट : धोका कोणाचा?

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. पुढे १८५६ पर्यंत लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि १८५८ साली खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून किंवा घोड्यावरून ओलांडावा लागे. या घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली पूर्ण झाले. सुमारे पंचवीस किलोमीटरची वाट, पंचवीस बोगदे, सुमारे अठराशे फुटांची चढण आणि अवघड जागी दर सदतीस फुटांना एक फूट असा चढ, असे ते काम होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासात राहिले. कड्यावरून दोरांनी खाली सोडलेल्या आणि लोंबकळत सुरुंगांची भोके पाडणाऱ्या मजुरांची नावे मात्र कोठेही लिहिलेली नाहीत. १८६१ च्या सुमारास या कामावर बेचाळीस हजारांहून अधिक माणसे होती. पटकीच्या साथीत त्यांतील असंख्य दगावली. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून खंडाळ्यास दंगल झाली. कंत्राट दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेले. तेही थोड्याच दिवसांत मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी काम पुढे नेले. नव्या तंत्राची पहिली किंमत कोण मोजतो, याचे उत्तर या घाटाने दिले आहे.

परंतु याच घाटाने सुरक्षिततेचा एक उत्तम नियमही दिला. उतारावर ब्रेक निकामी झाले तर गाडी आवरत नाही. १८६९ साली असा अपघात झालाही होता. म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवण्यात आल्या. मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा आणि तेथेच संपणारा हा रूळ असतो. बेफाम झालेली गाडी त्यावर शिरली की चढामुळे तिचा वेग मरतो. येथील खरी युक्ती सांध्यांमध्ये आहे. सांधे एरवी मुख्य मार्गाकडे नव्हे, तर या आडमार्गाकडे लावलेले असतात. उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी यांसारख्या ठिकाणी आधी पूर्ण थांबते, आपण ताब्यात आहोत हे दाखवून देते आणि मगच तिला पुढची वाट मोकळी होते. गाडी सुरक्षित आहे असे येथे गृहीत धरले जात नाही. प्रत्येक वेळी ते सिद्ध करावे लागते. चालक कितीही अनुभवी असो, गाडीला कितीही उशीर झालेला असो, थांबा टळत नाही. बौद्ध परंपरेत ज्याला अप्रमाद म्हणतात, त्या अखंड सावधपणाचे हे लोखंडी रूप होय.

२. दिवा : वेळ कोणाचा?

घाट ओलांडणाऱ्या रेल्वेने कापूस मुंबईस नेला आणि कोकणातील व देशावरील माणसे गिरण्यांत नेली. आपल्यातील अनेकांचे आजोबा-पणजोबा त्यांत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले. दिव्याने उजेड दिला. पण सूर्यास्ताने आपोआप मिळणारी सुट्टीही काढून घेतली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९०५ साली मुंबईच्या कामगारांनी याविरुद्ध आवाज उठविला, चौकशी झाली आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली गेली.

१९१५ साली खोपोलीचे आणि १९२२ साली आपल्या तालुक्यातील भिवपुरीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. या डोंगरातून उतरणाऱ्या पाण्याच्या बळावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. यंत्राची ताकद वाढत गेली. कामाचे तास मात्र आपोआप कमी झाले नाहीत. ते कायद्याने कमी करावे लागले. १९२२ साली आठवड्याला साठ, १९३४ साली बारमाही कारखान्यांत चोपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस तास. ही शेवटची दुरुस्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना झाली. बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. माणसाला माणसासारखे जगण्यास फुरसत हवी आणि ती यंत्रामुळेच मिळू शकते, अशी त्यांची भूमिका होती. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले.

३. धोटा : यंत्रापाशी जागा कोणाला?

गिरणीत साचाखात्यातील विणकराला चांगली मजुरी मिळे. परंतु अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. कारण धोट्यात होते. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. म्हणून ‘विटाळ’ होतो असे सांगून आपल्या माणसांना कमी मजुरीच्या खात्यांत अडकविले गेले. भिवपुरीच्या विजेवर माग फिरत होते, पण त्या मागापाशी उभे राहण्याचा हक्क त्यांना नव्हता.

हीच तोंडाने दोरा ओढण्याची रीत परदेशातही होती. तेथे लोकांना विटाळ नव्हे, रोग दिसला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली असे धोटे बंद केले. ब्रिटनमध्ये त्यांना प्रतिबंध करणारे नियम १९५२ साली आले. हाताने दोरा ओवता येणारा धोटा हा त्यावरचा साधा उपाय होता. म्हणजे एका लहानशा तांत्रिक सुधारणेने आरोग्याचा प्रश्न सुटत होता आणि भेदभावाची सबबही नाहीशी होत होती. सुधारणा उपलब्ध होती, इच्छा नव्हती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क संपाच्या मागण्यांत घालावा, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. कामगार पुढाऱ्यांनी तो नाखुशीनेच मान्य केला. शेजारी उभा असलेला कामगारच जर शेजाऱ्याला माणूस मानीत नसेल, तर सहकार्य कशाचे आणि एकजूट कशाची? त्या मागणीतून उभा राहणारा हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

४. आजचे कामाचे ठिकाण

आता आपल्या काळाकडे येऊ. कारखान्यातील आधुनिक यंत्राभोवती प्रकाशकिरणांचा पडदा असतो. हात आत गेला की यंत्र थांबते. वायुगळतीचा संवेदक नाकाला वास येण्यापूर्वी भोंगा वाजवितो. ही तंत्रे जीव वाचवितात. परंतु उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी तोच संवेदक बंद करून ठेवला जातो, तेव्हा बोरघाटातील सांधे मुख्य मार्गाकडे कायमचे बांधून ठेवल्यासारखे होते. भोपाळच्या १९८४ मधील वायुकांडाने ही गोष्ट साऱ्या देशाला दाखवून दिली. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती, धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क आणि संकट समोर दिसताच ते निदर्शनास आणून देण्याचा हक्क या गोष्टी कायद्यात आल्या. सुरक्षितता ही केवळ यंत्राची बाब नसून ती संवादाची बाब आहे, हे येथे मान्य झाले.

दिव्याची गोष्टही संपलेली नाही. आज तो दिवा भ्रमणध्वनीच्या रूपाने खिशात आहे. रात्री अकरा वाजता गटावर आलेला कामाचा संदेश हा लांबलेला कामाचा दिवसच असतो. घरपोच वस्तू पोहोचविणाऱ्या तरुणाची मिनिटे दूरचा संगणक मोजतो. पावसाळ्यात रस्त्यावर पडलेला खड्डा मात्र त्याच्या हिशेबात नसतो.

आणि धोटाही वेगळ्या रूपात आहे. अॅमेझॉन कंपनीने नोकरभरतीचे अर्ज निवडण्यासाठी तयार केलेली संगणकीय प्रणाली स्त्रियांचे अर्ज मागे टाकते, असे २०१८ साली उघड झाले. कंपनीला ती सोडून द्यावी लागली. जुन्या नोंदींमध्ये पुरुषांचीच भरती अधिक होती. यंत्राने तोच पक्षपात उचलला. यंत्राला जात, लिंग, गाव कळत नाही, असे समजून स्वस्थ बसता येणार नाही. माणसाने दिलेल्या नोंदींतून ते सारे शिकते.

५. आपण काय करावे?

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कामाच्या ठिकाणी नवे यंत्र येईल, तेव्हा ते थांबविण्याची कळ कोठे आहे आणि ती दाबण्याचा अधिकार कोणाला आहे, हे पहिल्याच दिवशी विचारावे. थोडक्यात टळलेला अपघात लपवू नये. त्याची लेखी नोंद करावी. सुरक्षा समितीवर जाण्याची संधी आली तर ती नाकारू नये. नव्याने कामावर आलेल्या कंत्राटी मजुरास यंत्राची माहिती देणे हे आपलेही कर्तव्य समजावे, कारण सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसावरच सर्वांत मोठा धोका येतो. पालकांनी मुलामुलींना यंत्र चालविण्याबरोबरच प्रश्न विचारण्याचे धैर्य शिकवावे. शाळेच्या प्रयोगशाळेत ‘हे असेच का?’ असे विचारणारी मुलगी उद्या कारखान्यात ‘हे आधी थांबवा’ असे म्हणू शकेल.

वसतिगृहात आपण एका पंक्तीत जेवलो, एका खोलीत अभ्यास केला, आजारी मित्राच्या उशाशी जागलो. सहकार्याचा हा धडा कोणत्याही यंत्राच्या माहितीपुस्तिकेत नसतो. तो येथून सोबत न्यावयाचा असतो. पुढच्या वेळी घाट उतरताना गाडी काही क्षण कोणत्याही स्थानकाविना थांबेल. त्या वेळी उशीर झाला म्हणून कुरकुर करू नये. पुढचे सांधे आपल्यासाठी अजून लागावयाचे असतात, आणि ते लागेपर्यंत थांबणे हेच सर्वांना घरी सुखरूप पोहोचविते.