लॅपटॉपचा उजेड आणि पासलीची एक रात्र

गोष्ट आमच्या एनएसएसच्या हिवाळी शिबिराची. गाव पासली, तालुका राजगड (पूर्वीचा वेल्हे). वेल्ह्याहून केळदकडे, म्हणजे मढे घाटाच्या बाजूला जाताना हे गाव लागतं. दिवसा श्रमदान आणि घरोघरी पाण्याचा सर्व्हे, रात्री त्याच्या नोंदी लॅपटॉपवर. शेवटच्या रात्री लाईट गेली. बॅटरी निम्मी, स्क्रीन मात्र फुल उजेडात, आणि ब्राइटनेसची बटणं दाबून दाबून बोट दुखलं तरी ढिम्म. लॅपटॉपवर लिनक्स होतं.

एका मित्राने कमांड मारून स्क्रीन अंधुक केली. आम्ही खूश! तासाभराने लॅपटॉप बंद पडला आणि अकरा घरांच्या नोंदी सेव्ह न करताच गेल्या. सकाळी पुन्हा त्याच घरी. एक आजी म्हणाल्या, "काल सांगितलं की रे बाळांनो, हरवलं का?" काय उत्तर देणार? परत आल्यावर दोन रात्री या बटणांमागे लागलो. जे समजलं ते इथे देत आहे. (कमांड देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना अर्थात इंग्रजी स्पेलिंग घ्या.)

आधी वाट समजून घ्या

बटण दाबलं की थेट स्क्रीन बदलत नाही. मध्ये चार थांबे असतात. पहिला कीबोर्ड सांभाळणारी छोटी चिप, एम्बेडेड कंट्रोलर. दुसरा कर्नल, तो बटणाचा "इव्हेंट" बनवतो. तिसरा डेस्कटॉप, म्हणजे नोम, केडीई वगैरे. तो इव्हेंट ऐकतो आणि नवा आकडा ठरवतो. चौथा बॅकलाइटचा ड्रायव्हर, जो खरोखर दिवा कमी-जास्त करतो. एसटी आली नाही तर ती कुठल्या थांब्यापर्यंत पोचली हे आपण आधी विचारतो ना, तसंच इथे करायचं.

पायरी १ : सोपं ते आधी

एफएन धरून बटण दाबून बघा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन लॉक असतं आणि ते एफएन + एस्केपने बदलतं. मग सेटिंगमधली ब्राइटनेसची पट्टी सरकवा. पट्टीने उजेड बदलतो पण बटणाने नाही, तर दोष पहिल्या तीन थांब्यांत. पट्टीनेही बदलत नाही, किंवा पट्टी दिसतच नाही, तर सरळ पायरी ३ वर जा.

पायरी २ : बटण कर्नलपर्यंत पोचतं का?

'ईव्हीटेस्ट' इन्स्टॉल करा आणि सुडो लावून चालवा. उपकरणांची यादी येईल. त्यातलं कीबोर्ड, "व्हिडिओ बस" आणि कंपनीच्या हॉटकीचं उपकरण असेल तर ते, असं एकेक निवडून बटण दाबा. ब्राइटनेस कमीचा कोड २२४, जास्तीचा २२५. कोड दिसला तर कर्नलचं काम झालं, दोष डेस्कटॉपचा. आयथ्रीसारखा हलका विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांनी ही बटणं स्वतः 'ब्राइटनेसकंट्रोल' (शेवटी फक्त सीटीएल) या प्रोग्रामला जोडावी लागतात. कोड कुठेच दिसला नाही तर बायॉस अपडेट आणि नवा कर्नल, हे दोन उपाय आधी करून बघा.

पायरी ३ : दिव्याचा ड्रायव्हर

/सिस/क्लास/बॅकलाइट या फोल्डरची यादी काढा (सिस म्हणजे एस-वाय-एस). आत इंटेल_बॅकलाइट, एएमडीजीपीयू_बीएल१, एसीपीआय_व्हिडिओ० अशा नावाचं काहीतरी दिसेल. त्याच्या आत 'मॅक्स_ब्राइटनेस' आणि 'ब्राइटनेस' या फायली असतात. पहिलीतला आकडा वाचा आणि त्याच्या निम्मा दुसरीत लिहा. इथे नवखे हमखास फसतात. 'सुडो एको' करून बाणाने फाईलमध्ये पाठवलं तर परवानगी नाकारली जाते, कारण सुडो फक्त एकोला लागतं आणि फाईल उघडतं ते आपलं साधं शेल. म्हणून एकोचं आउटपुट पाइपने 'सुडो टी'ला द्या. शून्य मात्र लिहू नका, काही लॅपटॉपवर स्क्रीन पूर्ण काळी होते.

आता तीन शक्यता :
अ) उजेड बदलला. ड्रायव्हर ठीक, पुन्हा डेस्कटॉपकडे बघा.
आ) फोल्डर रिकामं. ग्राफिक्स ड्रायव्हर चालू आहे का ते बघा. इन्स्टॉल करताना घातलेलं 'नोमोडसेट' तसंच राहिलं असेल तर काढा.
इ) आकडा बदलतो, उजेड तसाच. म्हणजे कर्नलने चुकीची वाट धरली आहे. आमचं नेमकं हेच होतं, यादीत एकटं एसीपीआय_व्हिडिओ०.

कारण असं, की २०१२ च्या विंडोज ८ पासून उजेडाचं काम ग्राफिक्स ड्रायव्हरकडे गेलं आणि अनेक लॅपटॉपच्या फर्मवेअरमधली जुनी वाट नावापुरती उरली. डिसेंबर २०२२ च्या ६.१ कर्नलपासून लिनक्स एका स्क्रीनसाठी एकच वाट निवडतो. निवड बहुतेक वेळा बरोबर असते, कधी चुकते.

पायरी ४ : वाट बदला

ग्रबच्या मेनूत 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह लिहा आणि कंट्रोल + एक्सने बूट करा. हा बदल एकाच बूटपुरता असतो, त्यामुळे बिघडलं तरी रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत. जमलं नाही तर नेटिव्हच्या जागी 'व्हिडिओ', मग 'व्हेंडर' घालून बघा. जे चालेल ते /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाईलमध्ये, क्वाएट स्प्लॅश असलेल्या ओळीत, अवतरणचिन्हांच्या आत लिहा आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा (उबंटू, डेबियन, मिंट). आमचा लॅपटॉप 'नेटिव्ह'ने पहिल्याच फटक्यात सुधारला.

मग त्या रात्री काय चुकलं?

मित्राने वापरलेली कमांड होती एक्सरँडरची 'ब्राइटनेस'. ती दिव्याला हातच लावत नाही, फक्त चित्राचे रंग गडद करते. एलसीडीच्या मागचा दिवा तसाच पूर्ण जळत राहतो. डोळ्यांना थोडं बरं वाटतं, बॅटरी मात्र वाचत नाही. आम्ही अंधुक स्क्रीन पाहून निर्धास्त झालो आणि सेव्ह करायचं विसरलो. बटणापेक्षा मोठी चूक हीच!

तेव्हा मंडळी, शिबिराला किंवा ट्रेकला लॅपटॉप नेणार असाल तर आधी हॉस्टेलवरच ही चार पावलं करून घ्या. दर पाच मिनिटांनी सेव्ह करा. आणि सर्व्हेची कागदी प्रत ठेवा, तिला ना बॅटरी लागते ना ड्रायव्हर. कुठे अडलात तर मेसनंतर लॅपटॉप घेऊन आमच्या रूमवर या. चहा तुमचा, टर्मिनल आमचं!