इंग्रजी शब्दाला पोर्तुगीज प्रतिशब्द देताना

पोर्तुगीज भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. पाव, साबण, चावी, बटाटा, बादली, पगार, लिलाव हे शब्द मराठीत तिच्याकडूनच आले. शेजारच्या गोव्यात १९६१ पर्यंत ती राज्यकारभाराची भाषा होती. आज ब्राझील, पोर्तुगाल, अंगोला, मोझांबिक या देशांत ती चालते. आपल्याकडचा विद्यार्थी ती शिकू लागला, तर बहुधा इंग्रजीचा हात धरूनच शिकतो. इंग्रजी शब्दाला पोर्तुगीज शब्द लावण्याच्या या कामात काय सोपे आहे आणि फसगत कोठे होते, ते येथे पाहू. (उच्चार देवनागरीत जवळपासचेच देता येतात, हे ध्यानी घ्यावे.)

आरंभ उत्साहवर्धक आहे. 'नेशन'चे 'नसाँव' होते, 'एज्युकेशन'चे 'एदुकासाँव'. 'युनिव्हर्सिटी'चे 'उनिवेर्सिदाद'. लॅटिन हा दोन्हींकडचा समान साठा; पोर्तुगीज तर लॅटिनचीच लेक. म्हणून शेवटचे अक्षर बदलले की शेकडो शब्द हाती येतात. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतील स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी 'लिबेर्दाद, इग्वाल्दाद, फ्रातेर्निदाद' अशी सहज उतरते.

या सहजतेनेच विद्यार्थी गाफील होतो. 'पेरेंट्स'साठी 'पारेंतिश' लिहिले, तर पालकसभेला सगळे नातेवाईक येतील. आईवडिलांना शब्द आहे 'पाइश'. 'लिव्रारिया' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. ग्रंथालय ते 'बिब्लिओतेका'. 'कोलेजिओ' ही शाळा, महाविद्यालयाला 'फाकुल्दाद' म्हणतात. दारावर 'पुशे' असे लिहिले असेल, तर ते दार ढकलायचे नसते, ओढायचे असते!

इंग्रजी 'यू' हा एकच शब्द. पोर्तुगीजमध्ये मात्र 'तू', 'व्होसे' आणि 'ओ सेन्योर' यांतून निवड करावी लागते. मराठी मुलाला हे इंग्रजी मुलापेक्षा लवकर उमगते, कारण तू, तुम्ही आणि आपण यांतील अंतर तो घरातच शिकलेला असतो. तरीही देश बदलला की मोजमाप बदलते. ब्राझीलमध्ये 'व्होसे' रोजच्या व्यवहारात सर्रास चालते. पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्या माणसाला तसे म्हटले, तर ते उद्धटपणाचे वाटू शकते. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो आणि स्त्री 'ओब्रिगादा'. येथे लिंग बोलणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे नव्हे. वस्तूंची नावेही दोन्ही देशांत वेगळी आहेत. आगगाडी ब्राझीलमध्ये 'त्रेंइ', तर पोर्तुगालमध्ये 'कोंबोयु'. शब्दकोश घेताना तो कोणत्या देशाचा, हे आधी पाहावे.

इथवर चूक झाली तरी हसून सोडता येते. समाजव्यवस्थेच्या शब्दांत तशी सवलत नाही.

इंग्रजी 'कास्ट' हा शब्द मुळात पोर्तुगीज. सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या पोर्तुगीजांनी येथील समाजाचे वर्णन करताना आपल्या भाषेतला 'कास्ता' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ वंश, कूळ, प्राण्यांची वा वनस्पतींची पैदास. वर्ण आणि जाती या आपल्याकडच्या दोन वेगळ्या कल्पना त्या एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. पुढे तो इंग्रजांनी उचलला, शासनाच्या दप्तरांत घातला आणि जगभर नेला. त्यामुळे आज एखादा अनुवादक इंग्रजी 'कास्ट'चे पोर्तुगीज करतो, तेव्हा तो शब्द फक्त घरी परततो. पण घरी त्याचे जुने अर्थ अजून नांदत आहेत. पोर्तुगालमध्ये द्राक्षांच्या वाणालाही 'कास्ता'च म्हणतात. वाण हा निसर्गाचा भेद. जात ही माणसांनी उभारलेली आणि सक्तीने राखलेली व्यवस्था. वाचकाच्या मनात पहिला अर्थ जागा झाला, तर जात ही रक्तातलीच गोष्ट असल्याचा ग्रह, अनुवादकाच्या इच्छेविरुद्धही, पक्का होतो.

'अनटचेबल'ला शब्दकोश 'इंतोकावेल' देतो. तो चूक नाही. मात्र ज्याच्या केसालाही कोणी धक्का लावू शकत नाही, अशा बड्या माणसालाही पोर्तुगीजमध्ये 'इंतोकावेल' म्हणतात. ज्यांना गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांच्यासाठी हा शब्द एकटा ठेवणे धोक्याचे. 'दलित' हा शब्द तसाच ठेवावा. वाक्याच्या ओघात एकदा अर्थ सांगितला की पुरते.

'डिप्रेस्ड क्लासेस' हा ब्रिटिश काळातील सरकारी शब्दप्रयोग आणखी अवघड. 'देप्रिमिदा' लिहिले की तो वर्ग खिन्न, उदास वाटू लागतो. 'ओप्रिमिदा' म्हणजे पीडित. अर्थ नेमका, पण त्या काळच्या सरकारने जे म्हणण्याचे टाळले, तेच आपण त्याच्या तोंडी घालतो. माझ्या मते मूळ इतिहासाचा दस्तऐवज असेल, तर इंग्रजी नाव ठेवून अर्थ तळटीपेत द्यावा. आणि 'शेड्यूल्ड कास्ट्स'? 'शेड्यूल्ड'ला कोशात 'प्रोग्रामादु', 'अजेंदादु' असे शब्द सापडतात, म्हणजे वेळापत्रकात ठरवलेले. १९३५ च्या कायद्याने रूढ केलेल्या या संज्ञेतील 'शेड्यूल' आगगाडीचे नव्हे, कायदेशीर आदेशाला जोडलेल्या यादीचे आहे. पोर्तुगीज कायद्याच्या भाषेत अशा जोडयादीला 'आनेक्सु' म्हणतात. प्रतिशब्दाचा शोध तेथून सुरू करावा.