कुत्र्याच्या गालाची सूज

गेल्या वैशाखांत आमच्या मोत्याच्या उजव्या डोळ्याखालीं सुपारीएवढी सूज आली. पाटोद्याभोंवतालच्या बालाघाटाच्या माळावर गांधीलमाशांस तोटा नाहीं. तेव्हां एखादी डसली असेल, असें आम्हीं मानिलें. शेजारच्या आजोबांनीं तीवर बिब्बा घातला. चार दिवसांनीं सूज फुटली, पू वाहिला आणि मोत्या पूर्ववत् उड्या मारूं लागला. बिब्ब्याचा जयजयकार झाला. त्यानें कातडी भाजली, हें कोणीं पाहिलें नाहीं. परंतु महिन्याच्या आंत त्याच जागीं सूज पुनः उभी राहिली. तेव्हां बीड येथील पशुवैद्यांनीं मोत्याचा ओठ उचलून आम्हांस फुटकी दाढ दाखविली.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्यास 42 दांत असतात. वर 20 व खालीं 22. पिलाचे दुधाचे दांत 28. ते चौथ्या महिन्याच्या सुमारास पडूं लागतात व सातव्या महिन्यापर्यंत बहुधा सर्व कायमचे दांत येतात. वरच्या जबड्यांत प्रत्येक बाजूस, पुढून मोजतां आठवी, अशी एक मोठी दाढ आहे. ही व तिच्या खालची दाढ अडकित्त्याप्रमाणें एकमेकींस घांसून मांस कातरतात. वरच्या दाढेस तीन मुळें असून तीं डोळ्याच्या खालपर्यंत पोंचतात. कुत्रा शिंग, खूर, वाळलेलें हाड अगर दगड चावूं लागला, म्हणजे कधीं कधीं तिची ढलपी उडते. आंतला जिवंत गाभा उघडा पडतो, जंतु मुळाच्या टोंकापर्यंत जातात व तेथें पू धरतो. तो डोळ्याखालीं वाट काढतो, आणि पाहणारा गालास औषध लावीत बसतो! सूज फुटल्यानें दाब उतरतो, एवढेंच. जंतुनाशक औषधांनींहि थोडे दिवस आराम पडतो. पण दाढ काढल्यावांचून, किंवा तिचा गाभा साफ करून ती भरल्यावांचून, रोग हटत नाहीं. मोत्यास भूल देऊन त्याची दाढ तीन तुकडे करून काढावी लागली, कारण फांकलेलीं तीन मुळें एकदम निघत नाहींत.

मला लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. महिनाभर मोत्या एकाच बाजूनें भाकरी चावीत होता, तुकडा तोंडांतून पाडीत होता, पंजानें गाल घाशीत होता. आणि आम्ही त्यास खोडकर म्हणत होतों. दाढ दुखते म्हणून कुत्रा क्वचितच ओरडतो. पुष्कळदां तो जेवणहि सोडीत नाहीं.

प्रत्येक सूज मात्र दाढेचीच नव्हे. गांधीलमाशीची सूज लवकर चढते व बहुधा एकदोन दिवसांत उतरते. तोंडास घोणस किंवा फुरसें डसल्यासहि ती झपाट्यानें वाढते. अशा वेळीं एक घटकाहि दवडूं नये. म्हाताऱ्या कुत्र्याची हळूहळू वाढणारी कठीण गांठ अर्बुदाची असूं शकते. आणि ज्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, ज्यास पाणी गिळवत नाहीं, अशा कुत्र्याच्या घशांत हाड अडकलें असेल म्हणून मुलांनीं कदापि हात घालूं नये. तो पिसाळलेला असूं शकतो. त्याचा दांत लागल्यास, अगर लाळ जखमेस लागल्यास, ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुवून लागलीच रुग्णालयांत जाऊन लस घ्यावी.

पालकांस एक विनंती. आपल्या घरांतील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्यास देऊं नये. त्यांनीं त्याचा जीवहि जाऊं शकतो. मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय 1886 सालीं निघालें, आणि आज मराठवाड्यांतच परभणी व उदगीर येथें अशीं महाविद्यालयें आहेत. तरी बैल लंगडला तर धांवत जाणारा मनुष्य कुत्र्यास दवाखान्यांत नेण्यास लाजतो, याचें नवल वाटतें.

मोत्याची जखम आतां भरून आली आहे. अंगणांतले शिंगांचे तुकडे आम्हीं उचलून टाकले. अंगठ्याचें नख ज्यांत रुतत नाहीं, असें कांहींहि त्यास चावावयास देत नाहीं. रोज सायंकाळीं ओल्या मऊ फडक्यानें त्याचे दांत पुसतों. पहिल्या दिवशीं तो गुरगुरला. आतां फडकें दिसतांच तो उंबऱ्याशीं येऊन बसतो.