सर्जनानुभवाचा अभ्यास : जात्यावरील ओवीची साक्ष

साहित्यमीमांसेत सर्जनाचा विचार बहुधा कृतीकडून कर्त्याकडे जातो. कृती हाती असते; ती घडताना कर्त्याला काय जाणवले, हे अनुमानावर सोडले जाते. अनुभवाला केंद्रस्थानी ठेवणारी गुणात्मक संशोधनपद्धती हा क्रम उलटवते. एडमंड हुसर्लच्या तत्त्वविचारातून आलेली तिची पहिली अट अशी की, अभ्यासकाने आपली गृहीते काही काळ बाजूला ठेवून अनुभव घेणाऱ्याच्या कथनाला अग्रस्थान द्यावे.

ही अट पाळणे किती अवघड आहे, हे जात्यावरील ओव्यांच्या अभ्यासात दिसून येते. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. अशा ओवीविषयी 'ही कोणी रचली?' असे विचारताच अभ्यासकाचे गृहीत पुढे येते; कारण या प्रश्नात एकट्या कर्त्याची कल्पना आधीच दडलेली आहे. ओवी आईकडून, आत्याकडून, जावेकडून येते. गाणारी तीत आपल्या भावाचे नाव घालते, माहेरची वाट घालते, एखादा शब्द फिरवते. तिचे सर्जन या फेरफारात असते. म्हणून प्रश्न 'कोणी?' हा नसून 'हा शब्द येथे का बदलला?' असा असावयास हवा.

'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण या दृष्टीने पद्धतिशास्त्राचेच सूत्र ठरते. हातातला खुंटा, दळणाची लय, समोर बसलेली जोडीदारीण आणि पहाटेचा एकांत हे त्या अनुभवाचे घटक आहेत. ओसरीवर बसवून घेतलेल्या मुलाखतीत ते नसतात. तेथे मिळते ती आठवण. पिठाच्या गिरण्या आल्यानंतर जाती मागे पडली. त्यामुळे आजची साक्ष बहुतांशी आठवणीचीच आहे. ती त्याज्य नाही. मात्र दळताना नोंदलेली ओवी आणि स्मरणातून सांगितलेला अनुभव यांची नोंद वेगवेगळी ठेवणे अगत्याचे आहे.

बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर, 1952 साली ग्रंथरूपाने आली. मुलाने व आप्तांनी टिपून ठेवल्यामुळे शब्द वाचले. ते सुचतानाचा क्षण मात्र टिपणात उतरत नाही.

अनुभवकथन हीही एक रचनाच असते, हे येथे विसरून चालणार नाही. म्हणून अभ्यासकाने लावलेला अर्थ गाणारीपुढे पुन्हा ठेवावा आणि तिने तो नाकारला, तर त्या नकाराचीही नोंद करावी. ज्यांच्या सर्जनाला ग्रंथकर्त्याचा मान मिळाला नाही, त्यांना निदान साक्षीदाराचा अधिकार देणे हे या पद्धतीचे किमान कर्तव्य होय.